बायकोचं ‘नाईस’

माझ्या बायकोने मला मूर्ख म्हटलं, भित्रा म्हटलं, चिकित्सक म्हटलं, की नुसतंच छान म्हटलं, हे शोधून काढण्यात माझे फेब्रुवारी महिन्यातले चोवीस दिवस गेले. पाटबंधारे खात्यात माझी एकतीस वर्षं झाली. तिथे चोवीस दिवसांत आम्ही एखाद्या फायलीची दोरीसुद्धा सोडत नसू. तेव्हा काम तसं झपाट्यानेच झालं म्हणायचं.

पुष्पावती, म्हणजे आमची सौभाग्यवती, सप्टेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेली. सहा महिन्यांसाठी. इकडे सावेडीच्या घरात मी एकटा. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो. त्यात आमची धनश्री असते, जावईबापू असतात, नात असते, आणि कडेला कान आणि अर्धा गाल एवढी पुष्पावती असते. “जेवलात का?” “जेवलो.” “बीपीची गोळी?” “घेतली.” पस्तीस वर्षांच्या संसारातून जावयासमोर बोलण्यासारखं आमच्याकडे एवढंच निघालं. खरं बोलणं व्हायचं ते मेसेजवर. तिथे आम्ही दोघंच.

सुरुवातीला ती लांबलचक लिहायची. स्वल्पविराम, पूर्णविराम असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही. “हिंगाची डबी मोठ्या डब्यामागे आहे दूधवाल्याला गुरुवारी नको सांगा इथली झाडं लाल झालीत पानंच लाल फुलं नव्हेत तुमची आठवण”. तो मेसेज तिथेच संपला होता. आठवण आली, की आठवण येत नाही, की आठवण म्हणून काहीतरी पार्सल पाठवते, क्रियापदच नव्हतं. मी तो मेसेज अजून पुसलेला नाही.

दिवाळीनंतर मात्र हे सगळं थांबलं आणि एकच शब्द यायला लागला. इंग्रजी अक्षरांत. ‘नाईस’.

मी आयुष्यातली पहिली भाकरी थापली, तिचा फोटो पाठवला. नाईस. ठीक आहे, मीही खूश झालो. मग कळवलं की गच्चीतला कढीपत्ता वाळला. नाईस. शेजारच्या आबासाहेबांच्या सासूबाई वारल्या, त्यांना तर ती मावशी म्हणायची. नाईस. मला दोन दिवस ताप होता, आता बरा आहे. नाईस. मी मनाशी म्हटलं, परदेशाची हवा आहे, माणूस कामात असतो, बाळ रडत असतं. सरकारी नोकरीत माणूस आणखी काही शिको न शिको, त्रोटक उत्तराची सवय होते. ‘पाहिले’, ‘मान्य’, ‘फाईल करा’. तसं हे ‘नाईस’.

पण फेब्रुवारीत धनश्रीने रविवारच्या कॉलवर सांगितलं, “बाबा, आईचा मुक्काम आणखी वाढवायचा अर्ज करू का? छकुलीला पाळणाघरात जागा मिळत नाहीये.” मी म्हणालो, “हो हो, करा की, त्यात काय!” असं म्हणताना मी हसलोही. नंतर फोन ठेवला आणि सोफ्यावर बसून राहिलो. पंखा बंद होता तरी त्याच्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला मेसेज लिहायला घेतला. मला चाळीस मिनिटं लागली. पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी झाली, तो खोडला. दुसऱ्यात ‘आपला अभिप्राय कळवावा’ आलं, तोही खोडला. शेवटी एवढंच राहिलं: ‘घरात करमत नाही. तू काय ते ठरव.’ अशा अर्थाचं वाक्य मी पस्तीस वर्षांत तिला लिहिलं नव्हतं, बोललो तर कधीच नव्हतो. पाठवायचं बटण दाबलं आणि उगाच उठून दाराची कडी लावून आलो, जणू कुणी बघत होतं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. नाईस.

आता तुम्हीच सांगा. ‘घरात करमत नाही’ यावर ‘छान’? म्हणजे मला करमत नाही हे छान, की तिला तिकडे छान चाललंय, की मी असं लिहिलं हे छान? मुलीच्या शाळेतली खिशात मावणारी डिक्शनरी काढली. ‘छान, सुरेख, रमणीय’. रमणीय! मी डिक्शनरी मिटली आणि चपला घालून गनीभाईंकडे गेलो.

गनीभाई मागच्या गल्लीत राहतात. बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यापासून कुणी व्याकरण विचारायला येत नाही याचं त्यांना मनापासून दुःख आहे. मी शब्द उच्चारताच त्यांनी चष्मा पुसला.

“पालवेसाहेब, हा साधा शब्द नाही. याने फार रंग बदललेत. कुठल्या वाक्यात आला?”

वाक्य सांगण्याची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, “असाच. जनरल.”

“मग ऐका. मूळ लॅटिन. ‘ने’ म्हणजे नाही आणि पुढचा भाग जाणण्याचा. ज्याला काही माहीत नाही तो. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. बावळट. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात तुम्हाला कुणी नाईस म्हटलं असतं तर तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवली असती.”

गनीभाईंच्या बेगम शहजादीभाभींनी पुढे केलेला चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. “आणि नंतर?”

“नंतर अर्थ झाला भित्रा. मग नखरेल, कशातही खोट काढणारा. मग नाजूक. मग बारकाईने बघणारा, काटेकोर. आणि सगळ्यात शेवटी, आत्ताआत्ता, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत, छान.”

गनीभाई हे सगळं इतक्या आनंदाने सांगत होते की मला राग येऊ देणं अवघड झालं. परत येताना मात्र एकेक अर्थ पायाखाली येत गेला. मूर्ख? पुष्पावतीचं माझ्याबद्दलचं मत अगदीच वेगळं नाही. भित्रा? डॉक्टरकडे जायला मी घाबरतो, हे तिने सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. कशातही खोट काढणारा? आमटीबद्दल तीन हजार वेळा तरी बोललो असेन. एका शब्दात माझं पूर्ण गोपनीय अहवालपत्र लिहून आलं होतं.

तरी गनीभाईंच्या तोंडी माहितीवर बायकोविरुद्ध मत बनवणं नियमाला धरून नव्हतं. मला लेखी आधार हवा होता. गनीभाई म्हणाले, “मोठी बारा-तेरा खंडांची डिक्शनरी असते, त्यात प्रत्येक अर्थ सालासकट असतो. जुन्या ग्रंथालयात मिळेल.”

ते ग्रंथालय कुठलं ते मी सांगत नाही. तिथले लोक सभ्य आहेत, त्यांनी मला पाणी दिलं. फक्त पुस्तक दिलं नाही. संदर्भ विभागात बसायला सभासद व्हायला हवं, सभासद व्हायला अर्ज. मी अर्ज भरला, फोटो चिकटवला, आधारची झेरॉक्स जोडली. काउंटरवरच्या गृहस्थांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“अर्जात जिल्हा अहिल्यानगर लिहिलाय.”

“हो. आता तेच नाव आहे ना.”

“आधारवर अहमदनगर आहे.”

“आधार जुनं आहे.”

“म्हणजे पत्त्यात तफावत आहे. तुम्ही नक्की कुठे राहता?”

“नगरला राहतो हो!” मी म्हणालो. “जन्मापासून नगरलाच राहतो!”

“नगर असं एकाही कागदावर नाहीये,” ते शांतपणे म्हणाले. आणि त्यांचं बरोबर होतं. मी स्वतः खुर्चीवर असताना याहून बारीक तफावतींवर कालव्याच्या पाळ्यांचे अर्ज परत पाठवलेत. त्या क्षणी मला ते सगळे शेतकरी एका रांगेत उभे राहून माझ्याकडे बघताना दिसले. मी कागद उचलले.

दुसऱ्या खेपेला अर्जात अहमदनगर लिहिलं, तर ते म्हणाले, आता जुनं नाव चालत नाही. तिसऱ्या खेपेला दोन्ही नावं तिरकी रेघ मारून लिहिली आणि सोबत दोन्ही गावं एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र दिलं, तेव्हा अर्ज घेतला गेला. पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते पुतण्याच्या लग्नाला श्रीगोंद्याला गेले होते. चौथ्या खेपेला किल्ली आली, आणि अखेर माझ्यापुढे तो जाडजूड खंड उघडला गेला. अक्षर इतकं बारीक की सोबत काचेचं भिंग देतात. मी तीन तास बसून ताव भरून लिहून घेतलं. गनीभाईंचा एक शब्द खोटा नव्हता. मूर्ख पहिला. तोसुद्धा सालासकट.

कागदांची गुंडाळी काखेत घेऊन घरी येताना आबासाहेब भेटले. आबासाहेब आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्यापासून काही लपवणं म्हणजे उन्हात बर्फ लपवणं. “काय हो एवढं लिहिलंत?” म्हणून त्यांनी गुंडाळी उलगडली आणि मला काही बोलू न देता ठरवूनच टाकलं, “शनिवारी मंडळात व्याख्यान द्या! ‘एका शब्दाचा प्रवास’. त्या दिवशी महापालिकेच्या साहेबांना बोलावलंय, आपल्या हॉलच्या स्वच्छतागृहाचा अर्ज त्यांच्याच टेबलावर आहे. त्यांच्यापुढे काहीतरी विद्वत्तेचं झालं पाहिजे.”

शेवटी मी त्यांना खरं कारण सांगितलं. बायको रोज नाईस पाठवते म्हणून. आबासाहेबांनी दाराआड नेऊन सल्ला दिला. “तुम्ही पण नाईस पाठवा. बघा काय होतं ते.”

मी पाठवलं. नाईस. उलट आलं, नाईस. दोन दिवस आम्ही नवरा-बायको हे एवढंच बोललो. एखाद्या झाडावर दोन पोपट बसावेत तसं.

शनिवारी हॉल भरला. साहेब तरुण आणि खूप हसरे होते. त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं, “व्हेरी नाईस मंडळ! व्हेरी नाईस मेंबर्स! खरंच, सगळे इतके नाईस लोक एका ठिकाणी मी प्रथमच पाहतोय.” टाळ्या झाल्या. त्यांनी अभिप्रायवहीतही तेच लिहिलं आणि खाली बसले. मग माझं नाव पुकारलं गेलं.

इथे मी थांबायला हवं होतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. पण एकतीस वर्षं ज्या माणसाचं बोलणं कुणी ऐकलं नाही त्याच्या हातात माईक आला की तो थांबत नाही. मी म्हणालो, “मंडळी, या शब्दाचा इंग्रजीतला सगळ्यात जुना अर्थ, पुराव्यानिशी सांगतो, मूर्ख.”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “साहेबांनी बरोबर वळखलं!” आणि सत्तर म्हाताऱ्यांचा हॉल असा हसला की दोघांना पाणी द्यावं लागलं. साहेबही हसले. पण ते घड्याळाकडे बघत हसले. मी ‘भित्रा’पर्यंत पोचलो तोवर ते उठून गेले होते, बटाटेवडा न खाता. तिसऱ्या दिवशी स्वच्छतागृहाचा अर्ज परत आला. शेरा होता: ‘अर्जाची भाषा सुस्पष्ट नाही. शब्दांचे अर्थ निश्चित करून फेरसादर करावा.’

आबासाहेब माझ्याशी बोलायचे थांबले. कॉलनीत मी दिसलो की लोक एकमेकांना “काय, नाईस ना?” म्हणायला लागले. किराणा दुकानदाराने तर मला पिशवी देताना “घ्या, नाईस साहेब” म्हटलं. मी तिथली साखर नको म्हणून लांबच्या दुकानात गेलो.

त्या संध्याकाळी मी पुष्पावतीला रागाने लिहिलं. ‘मी मूर्ख असेन तर तसं मराठीत सांग. आणि खुशाल राहा तिकडे वर्षभर. माझं काही अडत नाही.’ तीनदा वाचून बघितलं. तरी पाठवलं.

उत्तर आलं. नाईस.

मग मी काहीच पाठवायचं नाही असं ठरवलं. भाकरीचे फोटो बंद, हवामान बंद. रविवारच्या कॉललाही अंगात कणकण आहे म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मी मोबाईल कपाटात ठेवला आणि तासातासाला कपाट उघडून बघितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईल वाजला. नाईस.

मी काही पाठवलं नव्हतं. कशाला नाईस?

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा. संध्याकाळी दोनदा. पाचव्या दिवशी तीन. मी मोबाईल घेऊन गनीभाईंकडे गेलो. त्यांनी कागदांची गुंडाळी पुन्हा सोडली, सगळे अर्थ बोटाने तपासले आणि पहिल्यांदाच हरल्यासारखे बसले. “प्रश्नच नाही आणि उत्तर आहे. हा अर्थ डिक्शनरीत नाही, साहेब.”

घरी आलो तर राहीबाई भाकऱ्या करत होत्या. माझ्या पहिल्या भाकरीनंतर महिन्याभरात मी त्यांना स्वयंपाकालाही ठेवलं होतं, त्यावरून ती भाकरी कशी होती ते समजावं. राहीबाई नागापूरहून येतात. पुष्पावती असताना त्या भांड्यांना यायच्याच. त्यांनी माझं तोंड बघितलं.

“काय झालं साहेब? बाईंचं काही वाईट कळलं का?”

मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. का धरला माहीत नाही, त्यांना वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. “हे बघा. एकच शब्द. दिवसातून तीनतीनदा. अर्थच लागत नाही.”

राहीबाईंनी पिठाचा हात लांब ठेवून वाकून बघितलं. “सगळं सारखंच दिसतंय की.”

“सारखंच आहे.”

“मंग बाई वाचतच नसत्याल.”

“म्हणजे?”

“माझी लेक ऊसतोडीला गेलीय कोल्हापूरकडं. ती मला काय काय धाडती. मला कुठं वाचाया येतंय? फोन वाजला की मी आपला अंगठा दाबते. त्यो पिवळा अंगठा असतोय ना, त्यो. तिनं काय लिवलं मला न्हाई कळत, पर तिला कळतं, आई हाय म्हनून. आन् चार दिस तिचं काही आलं न्हाई की मीच दाबते.”

“अहो, पण बाई शिकलेल्या आहेत. मॅट्रिक आहेत.”

“शिकलेल्या हायेत, व्हय. पर डोळं?” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “जायच्या आधी ब्लाउजला हुक लावाया बसल्या हुत्या तर सुईत दोरा मलाच ओवाया लावला. तीनदा. तुमी पेपर वाचत हुता तवा.”

मी पेपर वाचत होतो. ते खरं असणार.

त्या दिवशी बुधवार होता. रविवार नसताना मी कॅनडाला फोन लावला. धनश्रीने उचलला आणि ओरडलीच, “बाबा! काय झालं? कुणाला काय झालं?”

“कुणाला काही नाही. आईला दे.”

“थांबा, व्हिडिओ लावते—”

“व्हिडिओ नको. नुसता आवाज. आणि तिला एकटीला दे.”

“एकटीला?” आमच्या घराण्यात नवऱ्याने बायकोशी एकटीशी बोलायचं म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर जमिनीची वाटणी असते. जावईबापूंचा “एव्हरीथिंग ओके?” ऐकू आला, दार लागल्याचा आवाज आला, आणि मग घरघर. पुष्पावती वॉशिंग मशीनच्या खोलीत जाऊन बसली होती.

“काय हो?” तिचा आवाज घाबरलेला. “कणकण गेली नाही का अजून?”

“पुष्पा, तुला अक्षरं दिसत नाहीत ना?”

मशीन घरघरत राहिलं. मग ती म्हणाली, “कुणी सांगितलं?”

“राहीबाईंनी.”

“त्यांना कसं कळलं तिकडून!”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून वाढलंय. डावीकडे दूध सांडल्यासारखं दिसतं. उजव्याने माणसं दिसतात, अक्षरं नाही दिसत. धनूला सांगितलं असतं तर ती रजा टाकून मला दवाखाने फिरवत बसली असती, तिला आधीच झोप नाही. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कॅनडा सरकारला अर्ज लिहिला असता.”

यातलं शेवटचं वाक्य मला लागलं, पण ते खरं होतं.

“मग हे नाईस?”

“जावईबापूंनी नवा फोन दिला तेव्हा शिकवताना तयार उत्तरांतलं तेच दाबून दाखवलं होतं. त्या जागी दाबलं की जातं काहीतरी. बोटाला ती जागा माहीत झाली.” ती थोडी थांबली. “म्हटलं, तुम्हाला कळेल तरी की मी बघितलं. वाजलं की दाबायचं. मधे दोन-तीन दिवस वाजलंच नाही, मग मीच...”

मी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“भाकरी गोल होती का हो? मला गोल वाटली.”

“गोल नव्हती.”

“आता वाचून दाखवा,” ती म्हणाली. “काय काय लिहिलं होतंत ते. सगळं.”

मी चष्मा लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि दिवाळीपासून वाचायला लागलो. कढीपत्ता वाळल्याचं ऐकून ती चिडली. तापाचं ऐकून त्याहून चिडली. आबासाहेबांच्या सासूबाई गेल्याचं वाचलं तेव्हा “अगं बाई! कधी?” म्हणाली.

“नोव्हेंबरात. तू नाईस म्हणालीस.”

“देवा! तुम्ही त्यांना दाखवलंत नाही ना?”

“नाही.”

मग तो सोमवारचा मेसेज आला. मी थांबलो. तो मेसेज लिहिणं एक आणि मोठ्याने उच्चारणं वेगळं. मी म्हणालो, “पुढचा प्रशासकीय आहे.”

“वाचा.”

मी घसा साफ केला आणि बैठकीचं इतिवृत्त वाचावं तशा आवाजात वाचलं, “घरात करमत नाही. तू काय ते ठरव.”

मशीन थांबलं होतं. मला वाटलं फोन कटला. मी “हॅलो” म्हणणार एवढ्यात ती हळूच म्हणाली, “परत वाचा.”

मी परत वाचलं. या वेळी इतिवृत्तासारखं जमलं नाही.

त्यानंतरचा रागाचा मेसेज मी गाळला. तो चुकीच्या नंबरला गेला होता असं मी अजूनही मानतो.

धनश्रीला मी त्याच दिवशी सांगितलं. ती दोघांवर ओरडली, आधी आईवर, मग फोनवर माझ्यावर, आणि दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन दवाखान्यात गेली. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, दोन-तीन महिने थांबलं तरी चालेल. ऑपरेशन नगरलाच करायचं असं पुष्पावतीने सांगून टाकलं, कारण डोळ्यात काय चाललंय ते मराठीत कळायला हवं. पाळणाघरात जागा जूनमध्ये मिळणार होती. तोवर धनश्रीला आईशिवाय जमणार नाही हे स्पष्ट होतं, आणि पुष्पावती ते बोलत नव्हती. म्हणून मीच म्हणालो, “जूनपर्यंत राहा. पोरीचं होऊ दे.” एवढं एक वाक्य बोलायला मला त्या चाळीस मिनिटांच्या मेसेजपेक्षा जास्त कष्ट पडले.

गनीभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कागदांची गुंडाळी बांधून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “साहेब, पहिलाच अर्थ बरोबर निघाला. ज्याला काही माहीत नाही तो.” तो कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. चहा मात्र दोनदा पाजला. आबासाहेबांनी स्वच्छतागृहाचा अर्ज पुन्हा केला, त्यात एकही इंग्रजी शब्द ठेवला नाही, आणि माझ्याशी बोलायला सुरुवात केली. राहीबाईंची लेक अजून तिकडेच आहे. परवा त्यांनी मला तिचे मेसेज वाचून दाखवायला सांगितले. मी ओट्याशी उभा राहून सगळे वाचले. त्या भाकऱ्या थापत ऐकत होत्या आणि मधूनच “आसं व्हय” म्हणत होत्या.

आता रोज संध्याकाळी साडेसहाला मी पुष्पावतीला फोन लावतो. तिकडे सकाळ असते, धनश्री आणि जावईबापू कामाला बसलेले, बाळ झोपलेलं. मी तिला पेपर वाचून दाखवतो. पारनेरकडे बिबट्या दिसला. नेप्तीच्या बाजारात कांद्याची आवक वाढली. मुळा धरणात किती पाणी उरलंय. कोपरगावात कुणाच्या म्हशीने तीन रेडकं दिली, हे तिला खरं वाटत नाही, दोनदा वाचायला लावते. निधनवार्ता ती सगळ्या ऐकते, आडनावं विचारते, कुणाची कोण ते लावत बसते. मधेच बाळ कुरकुरतं, ती उठते, मी थांबतो. दहा मिनिटांनी येते. मी थांबलेलाच असतो.

काल मी शेवटच्या पानावर आलो. क्रिकेट वाचलं, जे तिला कळत नाही. राशिभविष्य वाचलं, दोघांचंही. टेंडर नोटीस वाचली, तीही तिने ऐकून घेतली. बाहेर अंधार पडत आला होता, समोरच्या घरात दिवा लागला.

“ऐकतेयस ना?”

“ऐकतेय. पुढचं वाचा.”

“संपला पेपर.”

“बरं.” मी पेपरची घडी घातली. पण फोन कुणीच ठेवला नाही. मग ती म्हणाली, “कालचा असेल ना?”

“तो रद्दीत टाकला.”

“मग काढा की.”

मी फोन कानाशी धरून गॅलरीत गेलो. सप्टेंबरपासूनचे पेपर तिथे रचून ठेवलेत, रद्दीवाल्याला बोलवायचं राहूनच गेलंय. जमिनीवर बसलो, एका हाताने वरच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, आणि तारीख वाचून दाखवली.